एकच आयसी पुन्हा पुन्हा का जळतो? डॉबी-जकार्डच्या सिरियल ड्रायव्हर आयसीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आम्ही इलेक्ट्रॉनिक डॉबी आणि जकार्डची, म्हणजे मागावर नक्षीसाठी ताण्याचे धागे उचलणाऱ्या यंत्रांची, कार्डं (सर्किट बोर्डं) दुरुस्त करतो. टेबलावर असं कार्ड नेहमी येतं, ज्यातला एकच आयसी दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा काळा पडलेला असतो. सोबत आलेला माणूस सांगतो, "फक्त आयसी बदलून द्या, बाकी सगळं ओके आहे." बाकी सगळं ओके असतं तर आयसी जळाला नसता. बहुतेक वेळा त्या आयसीने जळण्याआधी काय बिघडलंय ते सांगितलेलं असतं, पण ते वाचायला कोणी नसतं. टॉवेल-चादरीच्या कारखान्यातले मालक, जॉबर (मागांची देखभाल करणारे) आणि तंत्रनिकेतनची मुलं जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हा आयसी नेमकं काय करतो?

कंट्रोलरकडून तीन-चार तारा येतात: डेटा, क्लॉक, लॅच आणि परतीची डेटा. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एक बिट आत सरकतो. सगळे बिट आत गेले की लॅच मिळतो आणि त्या क्षणी आठ किंवा सोळा आउटपुट एकदम बदलतात. प्रत्येक आउटपुट म्हणजे एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), आणि तो धाग्यांचा हुक चालवणाऱ्या कॉइलचं एक टोक ग्राउंडला जोडतो. कॉइलच्या दुसऱ्या टोकाला कायम २४ व्होल्ट. एका आयसीचं डेटा-आउट पुढच्याच्या डेटा-इनला जोडलं की साखळी तयार होते. १३४४ हुकांच्या जकार्डला आठ आउटपुटचे १६८ आयसी लागतात, आणि एवढ्या साखळीला डेटाची तार मात्र एकच पुरते.

जुन्या जकार्डची पंचकार्डं ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना हे वेगळं समजावायला लागत नाही. भोक आहे किंवा नाही, हुक वर किंवा खाली. १८०४ सालच्या जकार्ड यंत्रापासून हीच भाषा चालत आली आहे. फरक इतकाच, की पंचकार्ड फाटलं की ते डोळ्याला दिसायचं. बिट फाटलेला दिसत नाही. आधी चादरीवर रेघ येते आणि मग शोधाशोध सुरू होते.

७४एचसी५९५, यूएलएन२८०३, टीपीआयसी६बी५९५ आणि "डायग्नोसिसवाला" आयसी यांत फरक काय?

७४एचसी५९५ हे नुसतं शिफ्ट रजिस्टर (बिट सरकवून साठवणारा भाग) आहे. त्याच्या अख्ख्या पॅकेजची करंटची मर्यादा ७० मिलिअँपिअर, म्हणजे कॉइल चालवणं त्याचं काम नाही. म्हणून त्याच्या पुढे यूएलएन२८०३ लावतात: आठ डार्लिंग्टन (ट्रान्झिस्टरच्या जोड्या), प्रत्येकी कमाल ५०० मिलिअँपिअर, ५० व्होल्ट. टीपीआयसी६बी५९५ मध्ये दोन्ही कामं एकत्र आहेत. प्रत्येक आउटपुटला सलग १५० मिलिअँपिअर आणि ५० व्होल्टचा क्लॅम्प (कॉइल सुटताना व्होल्टेज त्याच्यावर जाऊ न देणारी सोय). करंट साधारण अर्ध्या अँपिअरला अडवण्याची सोयही त्यात आहे. पण कॉइल तुटली की शॉर्ट झाली, हे यातला एकही आयसी तुम्हाला सांगत नाही.

डायग्नोसिसवाले आयसी मुळात गाड्यांच्या इंजिन कंट्रोलसाठी, इंजेक्टर आणि रिले चालवायला बनले. मोटोरोलाचा, मग फ्रीस्केलचा आणि आता एनएक्सपीचा सोळा आउटपुटचा एमसी३३९९६ हा त्यातलाच एक. हे आयसी नवा हुकूम आत घेतानाच, त्याच क्लॉकवर, प्रत्येक आउटपुटची तब्येत दुसऱ्या तारेवर बाहेर सोडतात. त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही.

मग आमच्या कार्डावर फॉल्ट का दिसत नाही?

बहुतेक वेळा कारण साधं असतं. साखळीतल्या शेवटच्या आयसीच्या डेटा-आउट पिनला काहीच जोडलेलं नसतं. आमच्या टेबलावर आलेल्या कितीतरी कार्डांवर डायग्नोसिसवाला महागडा आयसी होता, आणि शेवटची पिन मोकळी. आयसी दर पिकला (बाण्याच्या प्रत्येक धाग्याला) "पाच नंबरवर ओव्हरकरंट" म्हणून ओरडत होता आणि ऐकायला कोणीच नव्हतं. हे पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं. एका तारेचा प्रश्न असतो. नवीन कार्ड डिझाइन करत असाल तर ती तार कंट्रोलरपर्यंत आणाच.

फॉल्टचे प्रकार कोणते, आणि आयसीला ते कसे कळतात?

आउटपुट चालू असताना ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट वाहिला की तो ओव्हरकरंट. याचा अर्थ कॉइल पूर्ण शॉर्ट आहे किंवा कॉइलची तार २४ व्होल्टच्या कॉमनला टेकली आहे.

तुटलेली कॉइल मात्र आउटपुट बंद असताना ओळखली जाते. आयसीच्या आत एक अगदी बारीक करंट, काही मायक्रोअँपिअरचा, आउटपुटला सतत खाली ओढत असतो. कॉइल धड असेल तर ती आउटपुटला २४ व्होल्टवर धरून ठेवते आणि त्या बारीक ओढीचा काही परिणाम होत नाही. कॉइल तुटली की आउटपुट खाली घसरतं आणि आतल्या कंपॅरेटरला (व्होल्टेजची तुलना करणाऱ्या भागाला) ते दिसतं.

इथे एक गफलत होते. कॉइलची आउटपुटकडची तार मागाच्या बॉडीला टेकली तरी आउटपुट शून्यावरच येतं. काही आयसी हे दोन फॉल्ट वेगळे दाखवतात, काही दोन्हींना "ओपन"च म्हणतात. आमचा जॉबर लोकांना सल्ला असा: फॉल्ट "ओपन" दिसला की कॉइलला हात लावा. तार तुटली असेल तर कॉइल थंड आणि ढिली असते. बॉडीला टेकली असेल तर आयसी बंद असूनही तिच्यावर २४ व्होल्ट येत राहतात, ती कायम खेचलेली आणि गरम लागते.

तिसरा फॉल्ट तापमानाचा. आतलं सिलिकॉन साधारण १५५ ते १८० अंशांच्या दरम्यान कुठेतरी पोचलं की तो आयसी आउटपुट बंद करतो, दहा-पंधरा अंश उतरलं की पुन्हा चालू होतो. नक्की आकडा ज्या त्या आयसीच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) बघावा.

आमच्या कार्डावर प्रत्येक आउटपुटला एलईडी आहे. तुटलेली कॉइल तरीही "ओके" दिसते. आयसी खराब आहे का?

नाही, एलईडीच फसवतोय. तो कॉइलला समांतर जोडलेला असतो. कॉइल तुटली तरी एलईडी आणि त्याच्या रेझिस्टन्समधून आउटपुटला २४ च्या जवळचं व्होल्टेज मिळत राहतं, आणि मायक्रोअँपिअरच्या ओढीला ते खाली येत नाही. आयसीच्या नजरेत लोड जागेवर आहे. कधीकधी बंद आउटपुटचा एलईडी अंधारात मिणमिणतो, तोही त्याच बारीक करंटमुळे. तुटलेली कॉइल आयसीने ओळखायला हवी असेल तर एलईडी कॉइलवरून काढून लॉजिकच्या बाजूला घ्या.

एकाच आयसीचं एकच आउटपुट तिसऱ्यांदा गेलं. आता काय करू?

आयसी बदलू नका. आधी हे वाचा.

मागच्या मे महिन्यात एक कारखानदार काका तेच कार्ड तिसऱ्यांदा घेऊन आले. दर वेळी तिसऱ्या आयसीचं पाच नंबर आउटपुट गेलेलं. पहिल्या दोन वेळा मीही नुसता आयसी बदलून दिला होता, आणि ती माझी चूक होती. या वेळी नवा आयसी बसवून शेवटच्या डेटा-आउटला तार जोडली, एक छोटं मायक्रोकंट्रोलर बोर्ड लावलं आणि कारखान्यातच जाऊन बसलो. माग बंद असताना सगळं स्वच्छ. माग सुरू केला तर पाच नंबरवर ओव्हरकरंट लागायचा आणि लगेच जायचा. नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की मागाची फ्रेम (धागे उचलणारी चौकट) वर गेली की फॉल्ट लागतो आणि खाली आली की जातो.

तारांचा गठ्ठा जिथे पत्र्याच्या क्लिपखालून जात होता, तिथे टॉर्च लावून पाहिलं. पाच नंबरच्या तारेचं आवरण घासून गेलं होतं, आत तांब्याचे तीन-चार धागे चमकत होते. शेजारची लाल तार, म्हणजे २४ व्होल्टची कॉमन, तीही त्याच जागी सोललेली. फ्रेम वर गेली की दोन्ही टेकत. तेवढ्या क्षणात कॉइल बाजूला राहून थेट २४ व्होल्ट मॉसफेटवर येत. दोन वीत तार बदलली, क्लिपखाली रबरी नळी घातली. कार्ड अजून चालू आहे.

"आयसीला प्रोटेक्शन आहे ना, मग जळाला कसा?" असं काकांनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. प्रोटेक्शन म्हणजे अमरपट्टा नव्हे. शॉर्ट लागला की आयसी करंट अडवतो, तापतो, बंद होतो, थंड होतो, पुन्हा प्रयत्न करतो. प्रत्येक फेरीत सिलिकॉन आणि आतल्या जोडण्या ताणल्या जातात. अशा हजारो फेऱ्या झाल्या की कधीतरी तो जातोच. म्हणून कंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये ओव्हरकरंट दोन-तीनदा आला की ते आउटपुट बंद ठेवून माग थांबवायला हवा. आपोआप चालू होणाऱ्या आयसीला तसंच सोडून देऊ नये.

फॉल्ट दुरुस्त केला तरी पहिल्या वाचनात फॉल्ट दिसतोच. का?

कारण जे बाहेर येतं ते मागच्या वेळचं असतं. नवा हुकूम आत जाताना जुनी नोंद बाहेर पडते. एकच हुकूम दोनदा पाठवा आणि दुसरं वाचन धरा. शिवाय आउटपुट बदलल्यावर कॉइलचं व्होल्टेज स्थिर व्हायला थोडा वेळ जातो, तेवढ्यात वाचलं तर खोटा "ओपन" मिळतो.

आयसी किती गरम होणार, हे आधी कसं काढायचं?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण सोलापुरात सगळ्यात जास्त आयसी याच कारणाने जातात. म्हणून गणित पूर्ण करून दाखवतो.

समजा २४ व्होल्टची कॉइल, रेझिस्टन्स ८० ओहम. करंट ०.३ अँपिअर. आयसीच्या डेटाशीटच्या पहिल्या पानावर आउटपुटचा रेझिस्टन्स ०.७ ओहम लिहिलाय. तो २५ अंशांचा आकडा आहे. आयसी तापला की तोच रेझिस्टन्स दीडपट ते दुप्पट होतो, म्हणून १.२ धरा. एका आउटपुटची उष्णता ०.३ × ०.३ × १.२, म्हणजे ०.१०८ वॉट. आठ आउटपुट आणि निम्मा वेळ चालू, तर एकूण ०.४३ वॉट. बहुतेक जण इथेच थांबतात.

पण कॉइल बंद करतानाही उष्णता निघते. कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा कुठेतरी जायला हवी. कॉइलचा इंडक्टन्स २०० मिलिहेन्री धरला तर अर्धा गुणिले इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग म्हणजे ९ मिलिज्यूल. आयसीच्या आत ५० व्होल्टचा क्लॅम्प असेल तर कॉइल रिकामी होईपर्यंत सप्लायही त्यात ऊर्जा ओतत राहतो. ५० भागिले ५० वजा २४, म्हणजे जवळपास १.९ पट, १७ मिलिज्यूल. कॉइलच्या तारेचा रेझिस्टन्स त्यातला काही वाटा स्वतः खातो, तो धरून आयसीला साधारण ११ मिलिज्यूल पडतात. माग मिनिटाला ३०० पिकचा असेल आणि प्रत्येक पिकला कॉइल एकदा सुटत असेल, तर सेकंदाला पाच वेळा. आठ आउटपुटचे मिळून ०.४४ वॉट.

म्हणजे कॉइल धरून ठेवायला जेवढी उष्णता, तेवढीच ती सोडायला. एकूण ०.८७ वॉट.

आता हा आयसी बसलाय कुठे? मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमध्ये, मागावर बसवलेल्या बंद डब्यात ६० अंश धरायला हरकत नाही. आयसीच्या पोटाखालचा पॅड बोर्डाच्या तांब्याला नीट सोल्डर झालेला असेल तर वॉटमागे साधारण ४० अंश चढतात: ६० अधिक ३५, म्हणजे ९५. चांगलं चालेल. तोच पॅड सोल्डर न होता नुसता टेकला असेल तर वॉटमागे ९० अंशही होऊ शकतात: ६० अधिक ७८, म्हणजे १३८. चालेल, पण काठावर. त्यावर कापसाच्या धुळीचा थर बसला की दुपारी तीनला माग बंद पडतो आणि रात्रपाळीत व्यवस्थित चालतो. "रात्री चालतं, दिवसा नाही" असं कोणी सांगितलं की आम्ही सगळ्यात आधी पोटाखालचा पॅड बघतो. हॉट एअरने घाईत बदललेल्या आयसीत हा दोष नेहमी सापडतो.

कॉइलवर डायोड लावला तर आयसीची ही उष्णता वाचेल ना?

वाचेल. ऊर्जा कॉइलमध्येच फिरून संपेल. पण वेळ लागेल. वरच्याच कॉइलचा करंट क्लॅम्पने दीड ते पावणेदोन मिलिसेकंदात शून्यावर येतो, डायोडने जवळपास नऊ मिलिसेकंद लागतात. सावकाश मागाला फरक पडत नाही. वेगवान रेपिअर मागावर हुक उशिरा सुटतो आणि डिझाइन चुकतं. डायोडसोबत झेनर (ठरावीक व्होल्टेजला वाहू लागणारा डायोड) लावणं हा मधला मार्ग आम्हाला बरा वाटतो.

दोन आउटपुट जोडून एक मोठी कॉइल चालवू का?

करंटसाठी चालेल. मॉसफेट तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे करंट आपोआप वाटला जातो. पण क्लॅम्पची ऊर्जा वाटली जात नाही. दोघांपैकी ज्याचं क्लॅम्प व्होल्टेज किंचित कमी, तो एकटा सगळा भार घेतो. बंद करतानाच्या ऊर्जेचं गणित एकाच आउटपुटला धरून करा.

फॉल्ट एकही नाही, तरी आयसी तापतोय. हे कसं?

कॉइलचे काही वेढे आतल्या आत शॉर्ट झालेले असतात. ८० ओहमची कॉइल ४५ वर आली की करंट ०.५३ अँपिअर होतो. आयसीची ओव्हरकरंटची मर्यादा एक अँपिअर असेल तर त्याच्या लेखी सगळं ठीक आहे. पण मॉसफेटची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिपटीहून जास्त. असा अर्धवट बिघाड फॉल्ट-बिटला दिसत नाही. तो मल्टिमीटरनेच सापडतो. थंड मागावर एका बँकेच्या (गटाच्या) सगळ्या कॉइल मोजा. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची: सगळ्या ७८ ते ८२ आणि एकच ६१ दाखवत असेल, तर ती आजच बदला. वार्निशचा करपट वास येत असेल तर मीटरचीही वाट बघू नका.

अख्खं डिझाइन एका हुकाने सरकतं, मग आपोआप ठीक होतं. आयसी बदलू?

नको. क्लॉकवर एक जादा ठोका बसतोय. बऱ्याच कॉइल एकदम सुटल्या किंवा लागल्या की बोर्डाचं ग्राउंड क्षणभर उचललं जातं आणि आयसीला तो ठोका वाटतो. कॉइलचं ग्राउंड आणि लॉजिकचं ग्राउंड वेगळं काढून एकाच जागी जोडा, प्रत्येक आयसीजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्या, क्लॉकच्या तारेत कंट्रोलरजवळ ४७ ओहमच्या आसपासचा रेझिस्टन्स घाला. क्लॉकचा वेगही कमी करा. १३४४ बिट १०० किलोहर्ट्झने साडेतेरा मिलिसेकंदात जातात आणि ३०० पिकच्या मागाला एका पिकला २०० मिलिसेकंद मिळतात. एवढी सवड असताना मेगाहर्ट्झचा हट्ट कशाला?

लांब साखळीत डेटा आणि क्लॉकची शर्यतही लागते. टीपीआयसी६बी५९६ हा ५९५ चाच भाऊ आहे, पण तो पुढचा बिट क्लॉकच्या उतरत्या कडेवर सोडतो, त्यामुळे पुढच्या आयसीला निवांत वेळ मिळतो. लांब साखळीत आम्ही ५९६ पसंत करतो.

साखळी धड आहे का हे बघायला डेटाच्या पुढे एक ओळखीचा बाइट पाठवा आणि साखळीच्या लांबीइतके ठोके झाल्यावर तोच परत येतो का ते तपासा. ५९५ आणि ५९६ च्या साखळीतही हे जमतं. डायग्नोसिसवाल्या आयसीत आधी फॉल्टचे बिट बाहेर येतात, तुमचे त्यांच्या मागून.

पॉवर दिली की एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ट्रिप होतो.

पॉवर येताच शिफ्ट रजिस्टरमध्ये काहीही भरलेलं असू शकतं आणि शेकडो कॉइल एकदम लागतात. ७४एचसी५९५ मध्ये क्लिअरची पिन फक्त आतलं शिफ्ट रजिस्टर पुसते, लॅच दिल्याशिवाय आउटपुट बदलत नाहीत. आउटपुट-एनेबलच्या पिनला पुल-अप लावा. कंट्रोलर जागा होऊन शून्य भरेपर्यंत आउटपुट बंदच राहतील.

बाजारातला आयसी खरा की रंगवलेला?

छपाईवरून सांगता येत नाही. आउटपुट चालू करून त्यातून १०० मिलिअँपिअर सोडा आणि आउटपुट ते ग्राउंड व्होल्टेज मोजा. टीपीआयसी६बी५९५ ला थंड असताना साधारण अर्धा व्होल्ट यायला हवा, कारण त्याचा रेझिस्टन्स पाच ओहमच्या आसपास असतो. एक-दीड व्होल्ट आला तर तो आयसी मागावर चढवू नका.

कार्ड दुरुस्तीला पाठवताना काय द्यावं?

कार्डासोबत एक चिठ्ठी द्या. कोणता हुक चुकतो, माग चालू असताना की बंद असतानाही, दिवसा की रात्री, आणि त्या आउटपुटच्या कॉइलचा ओहममधला आकडा शेजारच्या दोन कॉइलच्या आकड्यांसह. जमलं तर ती कॉइल तारेसकट काढून कार्डाबरोबर पाठवा. कार्डावरची धूळ पुसू नका, आहे तशी राहू द्या. कोणता आयसी जास्त तापत होता, हे कधीकधी त्या धुळीच्या रंगावरूनही कळतं.